तोमासाची खिडकी

एलोयची मिनीबस गल्लीत शिरली आणि तोमासाच्या हातातला पाना थांबला. टक्-टक्, मग एक चुकलेला ठोका, पुन्हा टक्-टक्. बाईमाणसानं गॅरेज चालवू नये असं म्हणणारे पठारावरच्या एल आल्तो शहरात पुष्कळ होते, पण तिच्या कानाला नाव ठेवणारा एकही नव्हता.

"वहिनी, नुसता कान लावा. स्टँडवर चौदा माणसं खोळंबलीत," उतरता उतरता तिचा दीर एलोय म्हणाला.

"गाडीला देवळात आशीर्वाद मिळून चार दिवस नाही झाले आणि लगेच खोकला? रविवारी हिला बीअर कमी पडली वाटतं, भाऊजी."

"कमी? गाड्यांच्या धर्ममाता तुम्हीच होतात! एक अख्खी बाटली माझ्या गाडीला, एक रुवेनच्या. पाद्रीबुवासुद्धा म्हणाले, पुरे आता."

तोमासा हसली. रुवेन तिचा एकुलता एक. जपानहून आलेल्या या दोन म्हाताऱ्या मिनीबस काका-पुतण्यानं जोडीनं घेतल्या आणि सरोवराकाठच्या देवळात जोडीनंच नेल्या. पुढची सीट उचलून रिवाजाप्रमाणे दोन्ही इंजिनांवर तिनं बीअर ओतली होती, वरून मुठी भरभरून रंगीत कागदाचे कपटे उधळले होते. पोराच्या गाडीला हात आखडता कशाला घ्यायचा!

आता तिनं तीच सीट उचलली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली.

"बंद करा. भाऊजी, आधी बंद करा!"

इंजिनाचा ताल सांभाळणाऱ्या टायमिंगच्या पट्ट्यावरच्या झाकणाला चार बोटं रुंद खिडकी कापलेली होती. हाताखालून गेलेल्या प्रत्येक जुन्या गाडीला ती अशी खिडकी करायची. पट्टा डोळ्यांपुढे असला की दगा देत नाही, झाकणं बनवणाऱ्यांना अक्कल नाही, असं चारचौघांत मिरवून सांगायचीही.

तिनं खिडकीतून बॅटरी मारली. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या खाचांत गुलाबी-पिवळा लगदा बसला होता. बीअरमध्ये भिजलेले कपटे, इंजिनाच्या उष्णतेनं भाजून कडक झालेले. पट्टा त्यांच्यावर चढून फिरत होता. तिनं पान्यानं चाक हळूच फिरवलं. पट्ट्याचे दोन दात आधीच गेले होते, तिसरा तिच्या बोटांत आला.

तिला लाज वाटली. खिडकी तिची, बाटलीही तिचीच.

"आज तुटला असता," ती म्हणाली. "तुटला की इंजिन जागेवर जाम. ब्रेकला जोर राहत नाही, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं."

एलोयनं छातीवर क्रूसाची खूण केली. "बघा वहिनी, आशीर्वादाचा गुण! चौदा माणसं घेऊन युंगासच्या घाटात उतरलो असतो, म्हणजे..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रुवेन किती वाजता निघाला?" तिनं विचारलं.

"सहाला. युंगासलाच, गाडी भरून गेलाय."

गॅरेजच्या घड्याळात सव्वासात झाले होते. खिंडीपर्यंत चढ, पुढे नुसता उतार. तेलकट बोटांनी तिनं फोन लावला.

"आई! आत्ताच खिंड ओलांडली. धुकं आहे, पण गाडी झकास पळतेय."

"रुवेन, गाडी थांबव. बाजूला घे, आत्ताच्या आत्ता!"

"काय? आवाज तुटतोय मध्येमध्ये. अगं, सकाळी तुझ्या खिडकीतून बघितलं, आत आशीर्वादाचे कागद अजून तसेच आहेत. म्हटलं राहू देत, शुभ असतं."

त्याच्या आवाजामागे बायकांच्या गप्पा होत्या, कुणाचं तरी तान्हं रडत होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, टक्-टक्, एक चुकलेला ठोका, टक्-टक्.

"थांबव रे राजा! गाडी डोंगराला घास, पण थांबव!"

"आई, हे बघ, वळण आहे, मी नंतर..."

टक्-टक् थांबलं. फोन चालूच होता. तिच्या कानात फक्त वाऱ्याचा आवाज वाढत गेला.