खाणीतलं उखळ

आपला आनंद आयटीतल्या मित्रांना घेऊन दर रविवारी बिबवेवाडीच्या वरची बंद पडलेली दगडखाण बुजवतो, तिथे झाडं लावतो, हे कळलं तेव्हा शालनला आधी हसूच आलं. तो डोंगर पोखरणाऱ्यांत आनंदचे वडील, सोनबा, सगळ्यात पुढे. बापानं फोडायचं आणि लेकानं भरायचं, म्हणजे घरात कामाला काही तोटा नव्हता.

पण या रविवारी खाणीचा तळ मातीखाली जाणार होता, आणि तळाच्या खडकात सोनबानं लग्नाच्या वर्षी तिच्यासाठी कोरलेलं उखळ होतं. तो घण घाली, ती जवळच तिखट कुटत बसे. मुसळ आदळलं की समोरच्या कड्यातून त्याचा आवाज परत येई.

"बघ, डोंगर हुंकार देतोय तुला," सोनबा म्हणे.

सोनबा गेला, खाली इमारती उठल्या, घरात मिक्सर आला. तिखट कुठंही मिळे. त्या हुंकारासाठी मात्र तिचा जीव तुटे.

"आई, तेवढा पॅच सोडून भरू. भोवती रेलिंग करू," आनंद म्हणाला. "टीमशी बोललोय मी."

"आदी मला यिऊ दे तितं."

मंडईतल्या मिरच्या आणि माळ्यावरचं मुसळ घेऊन ती खाणीत उतरली. समोरच्या कड्याला लागून, तो झाकत, मातीचा उतार वर चढला होता, त्यात करंजाची रोपं चांगली धरली होती. बघून तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा! ती उखळाशी बसली, मिरच्या टाकल्या, मुसळ उचलून घाव घातला. कान देऊन थांबली. मग आणखी जोरानं घातला. आवाज समोरच्या मातीत गेला तो गेलाच.

शालनच्या डोळ्यांना धार लागली. आनंदला वाटलं, तिखट उडालं.

"बोलत न्हाई रं त्यो आता," ती म्हणाली. "रेलिंग नगं. भरा."

"अगं, पण बाबांनी केलेलं..."

"भर म्हनलं न्हवं?"

पहिली पाटी तिनंच ओतली. उखळ मिरच्यांसकट दिसेनासं झालं. आनंदनं मुसळ उचलून खांद्यावर घेतलं.

"हे तरी घरी नेऊ?"

"कशाला?" पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "तुज्याकडं मिक्सर हाय की."