चौथा तास

बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्याला आपल्याकडे कुणी सोडत नाही. नेरजवळच्या तांड्यातल्या सुखीबाई तर मुळीच नाही! त्यांचे यजमान धरमसिंग, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, संध्याकाळी खाटेवर टेकले की त्यांचे पाय सुरू. लगेच आतून आवाज यायचा, "कायले पाय हालवून राह्यले जी? लक्ष्मी जाते घरातून!"

बिचारे ओशाळायचे आणि उठून अंगणात फेऱ्या मारायचे. चाललं की बरं वाटे, टेकलं की पोटऱ्यांत पुन्हा कसंनुसं होई.

तीन वर्षांपासून त्यांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तिथंही तिसऱ्या तासाला पाय ऐकेनासे होत. पण चारचौघांत सांगणार कसं? मग ते तिथल्या प्रभावती सिस्टरना म्हणत, "मशीन काढा मॅडम, माही बस सुटते." आणि 'माझ्या जबाबदारीवर जातो' अशा कागदावर सही करून तासभर आधीच निघत.

एका गुरुवारी सुखीबाई सोबत आल्या होत्या. बसचं ऐकून त्या चाटच पडल्या. "आज कोनती बस जी? शेजारच्या जफरभाईची गाडी तर दारात उभी आहे!"

धरमसिंगांचा चेहरा पडला. सिस्टरनी स्टूल ओढलं. "भाऊ, आता खरं सांगा."

"पाय राह्यत नाहीत मॅडम. आतून कोनी ओढून राह्यलं असं वाटते. सांगाले लाज वाटते."

"ह्यायची ही खोड जुनीच..." सुखीबाई सुरू झाल्या.

"खोड नाही काकू, आजार आहे!" सिस्टर ठामपणे म्हणाल्या. "किडनीच्या पुष्कळ पेशंटना होतो. त्यावर उपाय आहेत. पण हे आधी उठले की रक्तातली घाण अन् पाणी आतच राहतं. परवा इथला जिना चढताना दम लागला तो कशानं? लाजेपायी जीव घालवायचा का?"

"अरे देवा! मीच बोलून बोलून ह्यायले गप्प केलं!" सुखीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी पदर खोचला आणि नवऱ्याच्या पोटऱ्या चोळायला घेतल्या. "हालवा जी, खुशाल हालवा!" त्या दिवशी चार तास पुरे झाले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. लोह कमी निघालं, ते भरून काढलं, एक गोळीही दिली. पाय अगदी थांबले नाहीत, पण बरेच निवले. दम लागणंही कमी झालं. धरमसिंग आता मशीनवर पडल्या पडल्या चक्क घोरतात!

आणि सुखीबाई? त्या खाटेखाटेशी जाऊन विचारतात, "बाबू, तुहे पाय राह्यतात का एका जागी?" पहिल्याच फेरीत दोघांनी माना खाली घातल्या.

"लाजता कायले? सांगा सिस्टरले!"

वाचकहो, आपल्या घरातही कुणी असं मुकाट सोसत असेल. त्याला वाईट सवय म्हणून टोकण्याआधी जवळ बसून एकदा विचारा, "काय होतंय?" एवढ्या विचारण्यानंही माणूस वाचतो.