चार नंबरची खोड

जेवणाची सुट्टी संपून पाच मिनिटं झाली नसतील, तोच चार नंबरच्या प्रेसने मिस्त्रीच्या भाच्याचा उजवा हात खाल्ला. पायपट्टी त्याने एकदाच दाबली होती. पत्रा कापला गेला, तो काढायला त्याने हात घातला आणि वरचं धूड पुन्हा खाली आलं. किंकाळी शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

मिस्त्री धावत आला. बत्तीस वर्षं याच मशिनी सांभाळलेला आणि आता महिनाभरात घरी बसणारा माणूस. बहिणीला त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, पोराला माझ्या जागेवर बसवतो, केसाला धक्का लागू देणार नाही. आता त्यानेच पहारीने धूड उचकटलं. हातमोज्यात बोटं राहिलीच नव्हती, नुसता लगदा होता.

भाच्याला इतरांच्या हवाली करून तो पाना घेऊन ऑफिसात शिरला. तिथे माहितीवाला साहेब बसायचा. जुन्या कामगारांच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं, म्हणजे माणूस गेला तरी कंपनीचं अडू नये, हे त्याचं काम. मिस्त्रीने त्याच्यापुढे दोन दिवस घसा कोरडा केला होता.

"सुट्टीनंतर ती सटवी एका दाबात दोनदा येते, पहिला घाव रिकामा मार. सांगितलं होतं की नाही तुला?"

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. दोन दात टेबलावर पडले. मिस्त्रीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. त्याने तिसऱ्यांदा हात उगारला.

"शिवी असलेलं वाक्य घ्यायचं नाही, असा वरून हुकूम होता," साहेब रक्त गाळत म्हणाला. "मी अख्खी वाक्यंच काढली. तुम्हाला कागद दाखवला होता, मिस्त्री. वाचून सही करा म्हणालो होतो."

हात तसाच वर राहिला. मिस्त्रीची बोलायची रीतच तशी होती. तेल कधी घालायचं हे तो सभ्यपणे सांगायचा, पण जिवावरची गोष्ट आली की शिवी आलीच. साहेबाने शिव्यांची वाक्यं वेचून काढली आणि तेलपाणी तेवढं ठेवलं.

कागद भिंतीवरच होता; नव्या माणसाला तोच वाचायला लावून मशिनीवर बसवत. वर मिस्त्रीचा फोटो, खाली त्याची ऐटदार सही. सहीच्या दिवशी तो फोटोच बघत बसला होता. छापून आलेलं आपलं तोंड त्याला फार आवडलं होतं. वाचायचं राहूनच गेलं.

बाहेरून स्ट्रेचर चाललं होतं. पाना टाकून तो मागे धावला. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मामा, मी कागदाबाहेर काही केलं नाही," तो म्हणाला. "खाली तुमची सही होती, म्हणून कुणाला विचारलंसुद्धा नाही."