समुद्रावरचा ठिपका

किती फिकट ठिपका धरायचा याची मर्यादा आणखी खाली आणून धाकट्याने प्रोग्राम पुन्हा चालवला. तो त्यानेच लिहिला होता, दूरच्या आकाशगंगांसाठी. दुर्बिणीच्या छायाचित्रातल्या कचऱ्यातून मिणमिणता ठिपका वेचायचा आणि त्याची चमक मोजायची, एवढंच त्याचं काम. आज पडद्यावर आकाश नव्हतं, समुद्र होता. थोरल्या भावाची मासेमारीची बोट वादळात बेपत्ता झाली होती, आणि धाकट्याने ओळखी काढून उपग्रहाचं सकाळचं छायाचित्र मिळवलं होतं.

या वेळी ढगांच्या फटीत एक ठिपका उमटला. वहिनीने खुर्ची पुढे ओढली.

"हे काय आहे, भावोजी?"

त्याने चित्र उलटं केलं. उजळ ते काळं, काळं ते उजळ. अशा चित्रात बोट उजळ दिसणं शक्यच नव्हतं. तरी प्रोग्रामने तिथेही ठिपके काढून दाखवले, तितकेच फिकट, एकदोन तर जास्तच ठळक. मग त्याने वहिनीला समजावलं. इतकं खाली उतरलं की प्रोग्रामला काहीही दिसायला लागतं. ही नुसती लाट असेल, कॅमेऱ्यातला दोष असेल. बोटही असेल. नाही म्हणता येत नाही, आणि हो तर मुळीच म्हणता येत नाही.

बाहेरच्या खोलीत वहिनीचा भाऊ रेनकोट चढवून बसला होता. वारा पडेपर्यंत निघणार नाही, असं बचावपथकाने कळवलं होतं. तो मात्र हटून बसला होता, मला फक्त जागा सांगा, मी बोट काढतो. आणखी तिघं त्याच्याबरोबर जायला तयार होते. खिडकीची तावदानं सारखी थडथडत होती.

वहिनी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि उठून बाहेर गेली. धाकटा मागोमाग गेला. आई दारातच उभी होती.

"काही दिसलं नाही," वहिनी म्हणाली.

तिच्या भावाने धाकट्याकडे पाहिलं. "अगदीच काही नाही?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं.

"नाही म्हटलं ना," वहिनी म्हणाली. "रेनकोट काढ."

आई भिंतीला धरून खाली बसली. वहिनी तिच्याजवळ गेली नाही. ओट्याशी जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं, सगळ्यांना पुरेल एवढं.

वारा दुसऱ्या दिवशी पडला. पथक गेलं आणि हात हलवत परत आलं. नवं छायाचित्र आलं तेव्हा ढग विरले होते, पाणी सपाट होतं. एखादी होडीसुद्धा लपली नसती. प्रोग्रामने एकही ठिपका दाखवला नाही.

वहिनी येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"म्हणजे कालही नव्हता तो," ती म्हणाली. "हो ना, भावोजी?"

काल ती लाट असती तरी आज पाणी रिकामंच दिसलं असतं. बोट असती आणि नंतर बुडाली असती, तरीही. यातलं काय खरं, हे कुठल्याही प्रोग्रामने मोजता येणार नव्हतं. खात्री नसताना छातीठोक बोलणाऱ्या सहकाऱ्यांना त्याने आजवर कधी सोडलं नव्हतं.

"नव्हता," तो म्हणाला.

तिने मान हलवली. खुर्चीची पाठ धरलेली तिची बोटं मात्र सुटली नाहीत.