गोपीकिशननं बसवलेली पिंड

मस्तगड मोहल्ल्यातल्या त्या घराच्या पोटात यादवांच्या काळातला देवळाचा गाभारा होता. देव कधीच नाहीसा झालेला. गोपीकिशनच्या पणजोबानं त्या काळ्या दगडांभोवतीच भिंती उचलल्या. वाटणीत पुढची बैठक थोरल्या गोपीकिशनला आली, गाभारा आणि मागचं अंगण धाकट्याला. धाकटा वारला, तेव्हापासून त्याची बायको लाडबाई गाभाऱ्यातच चूल मांडून एकटी राहायची. बाहेर पडायला वाट एकच, बैठकीतून. ती गेली की गोपीकिशन मागून जमिनीवर पाणी शिंपडायला लावायचा.

एकोणीसशे छप्पन साली चैत्रात ती माहेरी भोकरदनला गेली. परतली, तर चूल फोडून अंगणात फेकलेली आणि गाभाऱ्यात नवीकोरी पिंड. बैठकीत गोपीकिशननं समाजाचे पंच बसवले होते.

"हे देऊळ हाय," तो म्हणाला. "विधवेनं इथं राहणं बराबर न्हाई. तिनं माहेरी जावं."

पंचांनी माना डोलावल्या. लाडबाई जेठापुढं, थोरल्या दिरापुढं, जन्मात बोलली नव्हती. आज घुंगट न सारता तिनं विचारलं, "जेठजी, देऊळच ना?"

"बिलकुल देऊळ!"

"ठीक हाय."

दुसऱ्या दिवशी ती गावाबाहेर मांगवाड्यात, केरसुण्या वळणाऱ्या कडूबाकडं गेली. "आमच्या घरी शंकर बसलाय. नवा कायदा झालाय, देवळात कुणाला अडवता येत न्हाई."

"बाई, हाडं मोडतील आमची."

"मी पुढं चालते. पहिली काठी माझ्यावर पडंल."

सोमवारी चाळीस माणसं तिच्यामागं आली. गोपीकिशन काठी घेऊन दारात उभा राहिला. "माझ्या घरात पाय टाकायचा न्हाई!"

"घर कुठलं?" लाडबाई रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "पंचांसमोर देऊळ म्हणलात. काठी उगारली तर फौजदाराला हेच सांगते."

बघ्यांची गर्दी जमली होती. गोपीकिशनचा हात खाली आला. बैठकीतल्या पांढऱ्याशुभ्र गादीवरून माणसं गाभाऱ्यात गेली.

मग दर सोमवारी तेच. आषाढात तो पिंड उचलायला गेला, तेव्हा कडूबा उंबऱ्यात आडवा बसला. "शेटजी, देव आता हालायचा न्हाई."

शेवटी माणसं गादीवरून जाऊ नयेत म्हणून गोपीकिशननं स्वतःच्या बैठकीची भिंत फोडली आणि कडेची पट्टी सोडून देवळाला रस्त्यावरून वेगळी वाट करून दिली. लाडबाईलाही गाभारा परत मिळाला नाही. ती अंगणात पत्र्याखाली राहू लागली. समाजानं तिला लग्नकार्यात बोलावणं बंद केलं. गोपीकिशन ती दिसली की थुंकायचा. ती मात्र आता घुंगट न घेता, त्याच्याकडं रोखून बघत, सावकाश पुढून जायची.