वाळूची बादली

साल २०२२. दिवाळीनंतरचा रविवार होता आणि कासुर्डीच्या फाट्यावर आमचे हे पेट्रोलच्या जुन्या हातपंपाला फडकं मारत उभे होते. वर काचेची दोन भांडी, बाजूला दांडा. पूर्वी दांडा मागेपुढे केला की लालसर पेट्रोल बुडबुडत वर चढायचं. एक भांडं गाडीत रिकामं होईपर्यंत दुसरं भरत यायचं. नवी नवरी असताना मी डबा घेऊन यायचे आणि तेच बघत बसायचे.

हौसरावांच्या या पंपावर यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. डॉक्टरांची डॉज, वकिलाची फियाट, कारखान्याची अँबॅसिडर. गाडी थांबली की हे आधी काच पुसायचे, रेडिएटरचं पाणी बघायचे, मग विचारायचे, "किती घालू?" गाडीवालाही खाली उतरून चार शब्द बोलायचा, घरचं विचारायचा. "काय बबनराव, बरं हाय ना?" पुढे रस्ता रुंद झाला आणि पंप बंद पडला.

आता हौसरावांच्या नातवाने, सत्यजीतने, त्याच जागी हॉटेल काढलं होतं. पंप रंगवून दारात उभा केला, शेजारी इंजिन काढलेली काळी फियाट. यांना खाकी कपडे आणि टोपी घालून पंपाशी उभं केलं आणि मला चुलीपाशी भाकरी थापायला बसवलं. पुण्याची माणसं आमचे फोटो काढायची. मला ते आवडत नसे. हे मात्र खूश होते. "अगं, मशीन अजून झकास फिरतंय," म्हणायचे. टाकी कोरडी होती, तरी रोज तेलपाणी. पहिल्याच दिवशी लाल बादलीत वाळू भरून त्यांनी ती पंपाशी ठेवली होती.

त्या रविवारी एक पाहुणा फियाटला टेकला आणि त्याने सिगारेट पेटवली.

"साहेब, इथं न्हाई. विझवा ती."

"आजोबा, ह्यात पेट्रोल कुठंय?" तो हसला.

"पंपावर बिडीकाडी चालत न्हाई."

"बघू तरी काय होतंय," म्हणत त्याने यांच्या तोंडासमोर धूर सोडला. यांनी बादली उचलली आणि सगळी वाळू त्याच्या हातावर, सिगारेटवर, बुटांवर ओतली.

मी पिठाच्या हातांनी तशीच उठले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनीच वाजवल्या. लोकांना तो खेळातलाच भाग वाटला. पाहुणाही वाळू झटकत बायकोला म्हणाला, "शूट केलंस ना? नाहीतर परत करायला सांगू."

संध्याकाळी हे चुलीपाशी चहा पीत बसले होते. सत्यजीत आला.

"आबा, काय भारी आयडिया काढली राव तुम्ही. आता दर रविवारी करायचं. आपला एक वेटर सिगारेट घेऊन उभा राहील, तुम्ही वाळू ओतायची. व्हिडिओ लई फिरतोय."

"आयडिया?" यांनी कप खाली ठेवला. "अरे, ह्याच पंपावर एका जीपवाल्यानं बिडी पेटवली, तवा मारुतराव पेटला. माझ्या जोडीला व्हता. त्याच्या अंगावर मी अशीच वाळू वतली. तुझं आजोबा तिथं उभं व्हतं."

"वाचले का?"

"न्हाई."

सत्यजीत यांच्याजवळ खाली बसला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मग म्हणाला, "आबा, हे माईकवर सांगाल का? आधी ही स्टोरी, मग वाळू. लोक रडतील."

यांनी डोक्यावरची टोपी काढून चुलीच्या कडेला ठेवली. "चल गं."

मी उठले नाही. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. "तव्यावर भाकर हाय," मी म्हणाले. हे एकटेच चालत गेले.

त्यानंतर हे त्या फाट्यावर कधी आले नाहीत. मी हॉटेलातून आणलेली भाकरी खात नसत. घरी आल्यावर मी त्यांच्यापुरती वेगळी करायचे. पुढच्या पावसाळ्यात हे वारले. मारुतरावाची बायको नकुशी पाबळला लेकाकडे असते. तिला नातवाने तो व्हिडिओ दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. सत्यजीतने शिरूरला दुसरं हॉटेल काढलं आहे. तिथे दारात अँबॅसिडर आहे.

यांच्या जागी नवनाथ उभा राहतो. तो आधी ट्रॅक्टर चालवायचा. दर रविवारी माईकवर मारुतरावाची गोष्ट सांगतो आणि वाळू ओततो. त्याच्या गोष्टीत मारुतराव वाचतो.

टाळ्या संपल्या की तो चुलीपाशी येऊन बसतो. "काकी, आज आवाज चिरका लागला का वो?"

"न्हाई, बरा लागला," मी म्हणते आणि त्याच्या ताटात गरम भाकरी वाढते.