चौथ्या पानावरचं "नाही"

सकाळपासून तगरीदने तिसऱ्यांदा कपडे बदलले. आधीच्या दोन झग्यांत पोट दिसत होतं. या तिसऱ्यात दिसत नव्हतं, पण त्यात आणखी एक तगरीद सहज मावली असती.

तिचा नवरा कॅप्टन मुतसिम दारात गाडीची किल्ली वाजवत उभा होता. "फाइल मांडीवर ठेव. उगाच उठबस करू नकोस. सही कर आणि चल."

"आणि डॉक्टर?"

"बघू नंतर."

मुतसिमच्या लष्करी अभ्यासक्रमासाठी अमेरिकेत, कॅन्ससच्या या छावणीत येऊन सात आठवडे झाले होते आणि सातही आठवडे ती हे "नंतर" ऐकत होती. रविवारी थोडं रक्त गेलं, तेव्हाही नंतर. तेव्हापासून पोटातली फडफड कमी झाली होती, की नुसतं तिलाच तसं वाटत होतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मुतसिम वाईट नव्हता हो, पण घाबरला की त्याच्या कानात जणू बोळे बसायचे.

आणि हे सगळं कशामुळे, तर एका चिमट्यामुळे. मायदेशी, सल्तमध्ये, विम्याच्या एजंटाकडे फॉर्म भरायला सासूबाई स्वतः आल्या होत्या, सोबत दोन नणंदा आणि समोरच्या घरातली बाई. एजंट एकेक प्रश्न खड्या आवाजात वाचत होता. चौथ्या पानावर त्याने विचारलं, "गरोदर आहात का?" तगरीदला तेव्हा अकरा आठवडे झाले होते. तीन महिने व्हायच्या आत असली बातमी कुणी चार माणसांत सांगतं का? दृष्ट लागते! सासूबाईंनी तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तिच्या तोंडून "नाही"च बाहेर पडलं. एजंटाने खूण केली. घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या कपड्यांना आतून दृष्टीचा निळा मणी टाचला आणि त्या "नाही"चा सगळ्यांनाच विसर पडला.

त्या एका खुणेमुळे विम्यातून बाळंतपण वगळलं गेलं. इथला नियम तर सरळ होता: परदेशी अधिकाऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाचा पूर्ण विमा हवा. बायको गरोदर असेल आणि बाळंतपण विम्यात नसेल, तर तिने पंधरा दिवसांत मायदेशी परतायचं. मुतसिमने नाव न सांगता तीन कंपन्यांना फोन करून पाहिले होते. दिवस गेलेल्या बाईला नवा विमा द्यायला कुणीही तयार नव्हतं.

परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात डार्लीनबाई बसायच्या. चष्मा डोक्यावर चढवून तोच टेबलभर शोधणाऱ्या. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले.

"बाकी सगळं ठीक आहे. विम्यात बाळंतपण नाही, म्हणून इथे एक सही लागेल. मी गरोदर नाही, एवढंच." त्यांनी पेन पुढे केलं.

मुतसिमने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तगरीदने पेन हातात घेतलं. सही केली तर पोट लपेल तोवर तरी दोघं एकत्र राहणार होते, पण लपवलेलं पोट डॉक्टरला कसं दाखवणार? तिने पोटाकडे लक्ष लावलं. आत सगळं गप्प होतं.

"मी गरोदर आहे," ती म्हणाली. "वीस आठवडे झालेत. रविवारी रक्त गेलं."

"तगरीद! काय केलंस हे?" मुतसिम अरबीत ओरडला.

डार्लीनबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "अभिनंदन, पोरी."

तगरीदला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांत तिला हा शब्द कुणीच म्हटला नव्हता. म्हणणार तरी कोण? घराबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं.

"आधी डॉक्टर, आत्ताच्या आत्ता," डार्लीनबाई फोन उचलत म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "पण पंधरा दिवस हे पंधराच दिवस. माझ्या हातात असतं तर बदलले असते."

डॉक्टरीणबाईंनी दुपारी पडद्यावर बाळ दाखवलं. ठोके चांगले होते, रक्ताची काळजी नव्हती, विमानप्रवासही चालणार होता. बाळाने हात वर केला तसा मुतसिम तोंड फिरवून रडायला लागला. "मला कळायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला.

दवाखान्याबाहेर गाडीत बसतात तोच सासूबाईंचा, म्हणजे तिच्या खालाचा, फोन आला.

"कुणाला बोलली नाहीस ना गं?"

"बोलले, खाला. अमेरिकेच्या सैन्याला."

"या अल्लाह!"

"मी घरी येतेय. आता भर चौकात सांगितलंत तरी चालेल."

"आणि माझा मुतसिम?"

"त्याचा अभ्यासक्रम जूनपर्यंत आहे. बाळ जानेवारीत येईल."

मग सासूबाईंचा बारीक आवाज आला, "चिमटा मीच काढला होता गं."

तगरीदने फोन ठेवला. दवाखान्यातून निघाल्यापासून पोटातल्या बाळाचा धूसर फोटो मुतसिमच्या हातात होता. त्याने तो रुमालाने पुसला, वर्दीच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"हा माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "तू तर बघशीलच त्याला."